नळीच्या तोंडातली हीर

आई, तुझी बंदूक आत्ता माझ्यासमोर ओटीवर आडवी आहे, तोंड बांधाकडे करून. बाबांच्या इन्सुलिनच्या सुईने मी तिच्या मागच्या बारीक भोकातून आत पाणी सोडलंय, थेंब थेंब. दारू भिजायला वेळ द्यायला लागतो. तोवर हातांना काहीतरी काम पाहिजे. भांडी घासून झाली, अंगण झाडून झालं, म्हणून तुला लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. बाबा आत झोपलेत. मी मधेमधे उठून बघून येते, झोपलेत ना. आधी बंदुकीकडे बघते, मग बाबांकडे, मग परत बंदुकीकडे. सकाळपासून हेच चाललंय.

तुला आठवते का गं ती, नवीन असतानाची? नवीन म्हणजे आपल्या घरात नवीन. आजोबा गेल्यावर परवान्यासकट तुझ्याकडे आली. गावातल्या बाकीच्या ठासणीच्या बंदुका रुंद तोंडाच्या, मूठभर छर्रे ओकणाऱ्या. ही बारीक नळीची, आत आटे पाडलेली, वाटाण्याएवढी एकच गोळी घेणारी. शेजारचे काका कुंपणावर हात टेकून म्हणायचे, "वैनी, ही बंदूक हाय का बासरी?" आणि तू म्हणायचीस, "वाजली की सांगा भावोजी." तुला कोणालाच मारायचं नव्हतं. वाडीत वानरं यायची, कोवळे नारळ पाडायची, आणि नुसत्या बाराच्या आवाजाला ती केव्हाच सरावली होती. काकांनी बार काढला की एखादं वानर बूड खाजवायचं आणि पुन्हा नारळाला हात घालायचं. मग तू टोकाच्या माडाला तेलाचा रिकामा डबा टांगलास. मागे मातीचा उंच बांध. वानरं त्या माडांवर आली की डब्यावर गोळी. डबा असा काही किंचाळायचा, गरगरायचा, की वानरं एकमेकांच्या अंगावर पडत पळायची.

पण डब्याला लागायला तर पाहिजे. आणि आजोबा दारू किती घालायचे ते कोणालाच माहीत नव्हतं. काका म्हणाले, जास्त दारू, जास्त जोर, आणि त्यांचं माप दिलं. तू त्यांच्या मापाने भरलीस, आणि गोळी कुठे गेली ते अजून कोणाला कळलेलं नाही. मग तो सगळा उन्हाळा. तू बांबूच्या कांडीचं माप केलंस आणि रोज त्याची थोडी थोडी कड कापत गेलीस. कापलेल्या चकत्या घासून मला द्यायचीस, मी त्या अंगठ्या म्हणून घालायचे, दहाही बोटांत. सिमेंटच्या गोणीच्या कागदावर कोळशाने गोल काढून बांधाला लावलेला. जाळ्याची जुनी शिशाची वजनं वितळवून ओतलेल्या गोळ्या. गोळीभोवती गुंडाळायला चिंधी, चिंधीला कोकमाचं तेल, तेच जे तू रात्री टाचांच्या भेगांना लावायचीस. त्या उन्हाळ्यात भेगा तशाच राहिल्या, तेल सगळं नळीत गेलं.

बार निघाला की मी धावायचे कागदाकडे आणि तू खाली वाकायचीस. मला कळायचंच नाही, तू गवतात काय शोधतेस. तू चिंध्या शोधायचीस. नळीतून उडून पडलेली चिंधी उचलून उन्हाकडे धरायचीस आणि वाचायचीस. "ही बघ जळली. लुगडं पातळ पडतंय." बाबांच्या लुंगीची चिंधी जाड निघाली, गोळी अर्ध्यात अडकली, तुझ्या कपाळावर घाम. शेवटी जुन्या गादीची पट्ट्यापट्ट्यांची खोळ फाडलीस आणि ती चिंधी आख्खी बाहेर आली, मधोमध फक्त एक काळा ठिपका. "चिंधी चुगली करते," तू म्हणालीस, "आपण ऐकायचं." आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायचीस. दारू बदलली तर चिंधी तीच. चिंधी बदलली तर दारू तीच. माप काकांच्या मापाच्या निम्म्याच्याही खाली आलं तेव्हा कागदावरची सगळी भोकं तुझ्या तळहाताखाली झाकली जायला लागली. एवढीशी दारू. काकांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "वैनी, हा कागद तुम्ही जवळ जाऊन टोचलाय." तू हसलीस ते मी अजून बघू शकते, पदर तोंडाला लावून, पदराला दारूचे डाग.

आणि मी एकदा हाक मारली ती. तू भरत होतीस, मी पडवीतून ओरडले, आई, मांजर दुधात तोंड घालतंय. तू ओ दिली नाहीस. मी पुन्हा ओरडले. तू माप खाली ठेवलंस, बार ठासायचा गज नळीत घातलास, काढलास, सगळं पहिल्यापासून तपासलंस, बंदूक भिंतीला टेकवलीस आणि मग माझ्यापर्यंत चालत आलीस. मला वाटलं आता कानाखाली. मारलं नाहीस. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू म्हणालीस, "भरणाऱ्याला हाक मारायची न्हाय. घर पेटलं तरी न्हाय. हाक आली की माणूस इसरतो, घातली का न्हाय घातली, आणि दुसऱ्यांदा घालतो. आणि मग नळी फुटते, आणि ती कोणाच्या तोंडावर फुटते?" मी म्हटलं, तुझ्या. तू म्हणालीस, "मग?" त्या "मग"ला मी आजसुद्धा घाबरते.

तेव्हापासून हीर. भरून झाली की खराट्यातली एक हीर, माडाच्या पातीची काडी, मोडायची आणि नळीच्या तोंडात खोचायची. हीर आहे, बंदूक भरलेली आहे. हीर नाही, रिकामी. आणि हिरेवरही विश्वास नको म्हणून गज. रिकाम्या नळीत गज तोंडाशी सपाट बसतो, एक बार असला की दोन बोटं वर राहतो. तू माझा हात धरून माझी बोटं तिथे लावली होतीस, बाजूने, नळीच्या तोंडावर हात न आणता.

तू तापाने गेलीस तेव्हा मी शाळेत होते. परवाना बाबांच्या नावावर झाला आणि ते सगळं तुझ्यासारखंच करत राहिले, तुझंच माप, तीच खोळ. मी कॉलेजला गेले, शहरात राहिले, काहीबाही लिहीत बसले. दोन पावसाळ्यांमागे परत आले, कारण बाबांनी फोनवर मला विचारलं होतं, तुझी आई कुठे गेलीय, केव्हाची हाका मारतोय.

निवडणुकीसाठी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती, ती परवा परत आणली. तेव्हा रिकामी होती, मी स्वतः गज घालून बघितलं. काल संध्याकाळी बाबांनी भरली, हीर खोचली. मी लांब बसून बघितलं, एक शब्द बोलले नाही. आज सकाळी काकांच्या होमस्टेवर वानरं आली. हो, काकांनी बंदूक सोडून होमस्टे काढलंय, आणि आपल्या बांधापलीकडे, जिथे पडीक होतं, तिथे आता पोहायचा तलाव आहे. डबा केव्हाच खाली उतरवलाय. वानरांनी पाहुण्यांची नाश्त्याची घावनं नेली. काका कुंपणावरून ओरडले, "अरे दादा, काढ की एक बार. ही मुंबैची लोकं वैतागलीत."

मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा बंदूक घेऊन उभे. घोडा वर. त्याच्याखाली तांब्याची टिकली बसवलेली, म्हणजे चाप ओढायचाच बाकी. गज पायाशी, दारूचा डबा उघडा. आणि बाबा दात कोरत होते, हिरेने.

मी चहा तिथेच पायरीवर ठेवला.

"बाबा, ती हीर कुठली?"

"खराट्यातली. मटण अडकलंय रात्रीचं."

"खराट्यातली की नळीतली?"

बाबांनी हीर डोळ्यांसमोर धरली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं कधीकधी माझ्याकडे बघतात. "हीर हीर असते," ते म्हणाले.

"आणि आत्ता तुम्ही भरलीत?"

"मग? हीर नव्हती. रिकामी होती."

पलीकडे तलावात पोरं खिदळत होती. काका म्हणाले, "काय गो, कोर्ट भरलंय काय? वर आभाळात काढ दादा, कोणाला लागतंय?" बाबांनी बंदूक खांद्याला लावली, गाल दांड्याला टेकवला. तुझ्या त्या "मग?"मधला गाल, आई, नळी फुटली की जो जाणार तो. मला ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. दचकून बोट दाबलं गेलं तर? मी हळू चालत गेले, पाठीमागून, आणि तुझ्या आवाजात म्हटलं. तुझ्याच, मला तो येतो हे मलाही माहीत नव्हतं. "अवो, खाली घ्या. चिंधीला तेल लावायचं राह्यलं."

बाबांनी लगेच खाली घेतली. "व्हय," म्हणाले. "इसरलोच."

मी घोडा अंगठ्याने धरून हळूहळू उतरवला, टिकली काढली, बंदूक ओटीवर आडवी ठेवली. काका कुंपण ओलांडून आले. मी गज आत सोडला, बाजूने बोटं लावली. दोन. तिसरं. चौथं. काका माझ्या बोटांकडे बघत राहिले, आणि वानरं त्यांच्या कौलांवर बसून घावन खात राहिली. "आयला," एवढंच म्हणाले. जाताना म्हणाले, "वैनी असती तर शिव्या घातल्या असत्या मला." मी म्हटलं, नाही, हळू बोलली असती.

आई, मी उठतेय आता. भिजली असेल.

झालं. गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी काढली. तू शिकवलं नव्हतंस, तू काढताना मी बघितलं होतं. पहिली गोळी आली, तिची चिंधी आली, आणि मग दारू. कोरडी खडखडीत. पाणी फक्त खालच्या बाराला लागलं होतं. हा वरचा माझ्या हाताखाली तसाच जिवंत होता एवढा वेळ. मी ती फडक्यावर सांडली आणि फडकं लांब सरकवलं. मग दुसरी गोळी, दुसरी चिंधी, मग काळा चिखल. दोन्ही चिंध्या पट्ट्यापट्ट्यांच्या. दोन्हींना कोकमाचं तेल नीट चोपडलेलं, काही राहिलं नव्हतं. दारूही दोन्ही वेळा तुझ्याच मापाने. तू उन्हाळाभर शोधलेला बार, त्यांना तो बिनचूक पाठ आहे. दोनदा पाठ आहे.

परवान्याचं बघायला उद्या ठाण्यात जाईन. बंदूक तिथेच ठेवून येईन बहुतेक. बाबांना काय सांगायचं ते मला माहीत नाही, आणि उद्यापर्यंत तरी ती घरातच आहे. दारूचा डबा मी तांदळाच्या पिंपात पुरलाय. ओटीवर पेल्यात दात कोरायला खराट्यातल्या हिरा ठेवल्यात, मूठभर. पण बाबा झोपेतून उठतील, बंदूक बघतील आणि त्यांचा हात दारू शोधायला लागेल. म्हणून तुला एक सांगून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. नळी मी धुतली, पुसली, गज घालून बघितला, तोंडाशी सपाट बसला. मग खराट्यातली एक हीर मोडली आणि रिकाम्या बंदुकीच्या तोंडात खोचली.