लॉराच्या शिफारशीत दाजींचं नाव

खोर फक्कान,
नोव्हेंबर २००२

प्रिय अक्का,

पुन्हा तेच. गेल्या फोनवर तेच, त्याआधीच्या चिठ्ठीतही तेच, की तू तिथं असून माझा माणूस परक्यासारखा गेला. अगं, ‘तिथं’ म्हणजे काय पाटण आणि कराड आहे का? दाजी शारजाच्या इस्पितळात, मी इथं बंदरावर, मधे नुसते उघडे डोंगर. जहाज लागलं की रिकामं होईपर्यंत आम्हाला गेटाबाहेर सोडत नाहीत. फोरमन मुश्ताक म्हणायचा, यल्ला नागेश, चलो चलो, पहले शिप, बाद में रिश्तेदार. तरी एका शुक्रवारी गेलो होतो. दाजी उशीला टेकून बसलेले, उलट मलाच म्हणाले, तुझं तोंड का उतरलंय, मला नुसता गॅस झालाय, कुंदाला कळवू नकोस, ती देव पाण्यात घालून बसेल. मी संत्री सोलली, ती त्यांनी मलाच खायला लावली. पुढच्या शुक्रवारी गेलो तेव्हा कागदांवर सह्या करायचं काम उरलं होतं. हे तुला सगळं माहीत आहे. भांडून झालं असेल तर पुढचं वाच. आणि स्वतः वाच, शेजारच्या प्रभावतीकडून वाचून घेऊ नकोस.

परवा आमच्या खोलीसमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. माझ्या खोलीतला लियाकत घाबरून बनियनवरच मागच्या दाराने पळाला, त्याला वाटलं पोलीस. गाडीतून उतरले व्हिन्सेंटसाहेब, वसईचे, शारजात कुठल्याशा ऑफिसात मोठ्या जागेवर आहेत. बरोबर त्यांची मुलगी लॉरा, बारावीतली. मी चोवीस वर्षांचा, तर मला अंकल म्हणाली. तिला अमेरिकेत डॉक्टर व्हायचंय. तिकडे थेट डॉक्टरकीला घेत नाहीत म्हणे, आधी चार वर्षं दुसरं कॉलेज, आणि त्याला नुसते मार्क चालत नाहीत. ज्यांनी मुलीला जवळून पाहिलंय त्यांनी तिच्याबद्दल पत्रं लिहून द्यायची. आता आपल्याकडे चिठ्ठी म्हणजे वशिला, आमदाराची असली तर उत्तम. व्हिन्सेंटसाहेबांनीही तेच केलं. कंपनीच्या जनरल मॅनेजरचं पत्र, बँकवाल्याचं पत्र, एका अरबाचं तर सोनेरी शिक्क्याचं. शाळेत परदेशचे फॉर्म बघणारी बाई आहे, तिने ती सगळी बाजूला ठेवली आणि विचारलं, यातल्या कुणी हिला कधी काम करताना पाहिलंय का? मग मुलीनेच इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. चर्चच्या पोरांबरोबर ती वॉर्डात फळं वाटायला गेली होती. बाई लिहायला तयार आहेत, पण त्यांना जे लिहायचंय ते दाजींच्या दुखण्याबद्दलचं आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय पेशंटची गोष्ट कागदावर घालणार नाही म्हणाल्या. म्हणून मला शोधत आले.

साहेब बोलत होते तोवर पोरगी बुटांकडे बघत उभी. ते सावलीला सरकले तेव्हा तिने तोंड उघडलं, अर्धं इंग्लिश, अर्धं आजीकडून शिकलेलं वसईचं मराठी. बाकीची पोरं एकदाच येऊन गेली, ही रोज संध्याकाळी जायला लागली. का, तर वॉर्डातल्या नर्सा मल्याळी नाहीतर फिलिपिनो, आणि दाजी काहीही विचारलं तरी यस यस म्हणून मान हलवायचे. हिचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी हसले म्हणे, पोरी, तू बोलतेस की कोंबड्या हाकतेस? मग तुझ्याबद्दल सांगत बसायचे. तुझे गुडघे, तुझी ती ओढ्याची चढण, तू तापट कशी. तापट, हा शब्द तिने मला तसाच म्हणून दाखवला.

अक्का, आता जे लिहितोय ते सावकाश वाच. एका संध्याकाळी दाजींनी पलंगाची दांडी घट्ट धरलेली, कपाळाला घाम, आणि दुखत नाही म्हणत होते. उशी सारखी करताना तिला रुमालाची गाठ लागली. आत गोळ्या. दुखणं थांबायच्या गोळ्या नर्स द्यायची, त्या दाजी जिभेखाली धरायचे आणि ती गेली की काढून ठेवायचे. तुझ्या गुडघ्यांसाठी. इथल्या गोळ्या पॉवरच्या असतात, आपल्याकडे मिळत नाहीत, घरी जाताना नेईन म्हणाले. पोरीला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तिने शपथ मोडली, सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंना वाटत होतं गोळ्या लागू पडत नाहीत. त्या दिवसापासून इंजेक्शन सुरू झालं. एक संध्याकाळ दाजी तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, कोंबडीवाली आली का? मग त्यांना झोप लागायला लागली. पोटातली गाठ पसरली होती, ती गोळ्यांनी हटणार नव्हती, असं बाई म्हणाल्या. पण शेवटचे दिवस तळमळीत गेले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी चमच्याने पाणी तिनेच पाजलं.

हे ऐकताना मला काही झालं नाही. बरं म्हणालो, ड्युटीवर गेलो, कंटेनरच्या साखळ्या आवळल्या. पाळी संपल्यावर जेवलो, काय जेवलो ते आठवत नाही. लियाकत म्हणतो कतारला चल, तिथं पगार जास्त आहे. मी दोन जागी विचारूनही आलो. इथं बसवत नाही, आणि निघावंसंही वाटत नाही. रडू येईल म्हणून एकदा समुद्राकाठी जाऊन बसलो होतो. चावणाऱ्या माश्या आल्या, उठून आलो.

फोनवर हे बोललो असतो तर तुझ्या रडण्यात कार्ड खलास झालं असतं, म्हणून लिहितोय. मी लॉराला हो किंवा नाही, काहीच सांगितलं नाही. दगडू पवार नावाच्या माणसाने बायकोच्या गुडघ्यांसाठी दुखणं सोसलं, हे अमेरिकेतली अनोळखी माणसं वाचणार. ते वाचू द्यायचं की नाही, हे तू ठरवायचं. ते दुखणं तुझ्यासाठी सोसलेलं आहे, माझ्यासाठी नाही. तू नाही म्हणालीस तर बाई मेहनती, हुशार, वर्तणूक चांगली असं सगळ्यांसारखं लिहून देतील, आणि तेवढ्यावर पोरीला तिकडे कुणी घेणार नाही असं शाळेची बाई म्हणते. माझं मत विचारू नकोस. ही चिठ्ठी सुट्टीवर निघालेल्या धनंजयच्या हाती देतोय. रविवारी किराणा दुकानावर फोन करीन, एक शब्द सांग, तोच मी पुढे सांगेन. जाताना व्हिन्सेंटसाहेबांनी खजुराच्या डब्याखाली एक पाकीट ठेवलं होतं, हजार दिरम, म्हणजे तेरा हजार रुपये. ते मी गाडीच्या काचेतून परत दिलं. तुझ्या उत्तराला त्या पैशांचा वास नको. धनंजयकडे दिलेत ते माझ्या ओव्हरटाइमचे आहेत, चारशे दिरम, पाच हजार दोनशे रुपये.

तुझाच,
नागेश