जिवलीचा फोटो काचेतच राहील

श्यामकांतदादा,

जिवलीच्या त्या फोटोची खरी किंमत एक क्रेट चिकू. तुमच्या वाडीत मी तिला दहा मिनिटं उभी केली, तिचं एक क्रेट कमी भरलं आणि मुकादमाने अर्धा दिवस कापला. "कुठल्या योजनेचा फोटो, शेठ?" तिने विचारलं होतं. योजनेशिवाय तिचा फोटो कोणी काढलेलाच नव्हता.

आता तुम्ही प्रभाकडून, म्हणजे माझ्याच बायकोकडून, निरोप धाडलात, की फोटोत ताडपत्री दिसते, वाडीची बदनामी होते. दादा, तलासरीची नऊ माणसं त्या ताडपत्रीखाली झोपतात. मंदी मलाही कळते. पण चिकूचा भाव पडला की ताडपत्रीच का आखूड होते?

वरोरहून एक जुना कॅमेरा घेऊन आलो, स्टुडिओ स्वतः उभा केला. माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेतला फोटो मेहुणाच काय, कलेक्टर आला तरी उतरणार नाही.

प्रभाला विचारून नव्हे, स्वतःच्या अकलेने लिहिणारा,
जगदीश

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात जिवली दारात आली. आता हे पत्र पाठवत नाही. ती म्हणाली, "मुकादम बोलतो, फोटो काचेत हाय तोवर कामाला येऊ नको. मलाच दे, माझ्या घरात लावते."

मी फोटो उतरवून तिला दिला.