डोंगरगडले जायच्या आधी

११ नोव्हें., मंगळ
वच्छलाले घेऊन उरल्याले, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात गेले. नऊ वर्षं जेलात काढून मागच्या सोमवारी सुटली. इकडे हिंदी मुलखात बारा वर्षांत अशा सुटून आलेल्या कितीजणांना काम पाहून दिलं, पण मराठी बोलणारी ही पहिलीच.
शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. शिलाई ती आतच शिकली. मालकानं एक बाही शिवून घेतली, उलटीसुलटी पाहिली, उद्यापासून ये म्हणाला. त्याले सगळं माहीत आहे. बाकीच्या बायांना काही सांगू नको, असं मीच तिले बजावलं.
येताना ऑटोत एकदम बोलती झाली. भंडाऱ्याकडची आहे. "ताई, नऊ वर्षं झाले, मराठी बोलाले कोनी नव्हतं." बोलणं अगदी बाबांसारखं. बाबा गेल्यापासून माझ्या घरी तरी कोण आहे. पोराचा, रोहितचा, हैदराबादहून फोन येतो. मी मराठीत विचारते, तो हिंदीत सांगतो.

१९ नोव्हें., बुध
व. टिकून आहे. मालक खूश.
आज स्वतःहून सांगितलं. जावेशी भांडण झालं, हिनं ढकललं, ती पायरीवरून पडली ती उठलीच नाही. एवढंच सांगते, पुढं रडत नाही, कारणं देत नाही. नवऱ्यानं दुसरं घर केलं. पोरगी पिंकी तेव्हा सहाची, आता पंधराची. डोंगरगडले मामाकडे असते. आई नागपुरात कोणाच्या घरी कामाले आहे, असं तिले सांगून ठेवलंय.
दोन तासांचा रस्ता. काहून जात नाहीस, विचारलं. म्हणाली, तीन महिने काम टिकू द्या. काम आहे, खोली आहे, असं म्हणता आलं पाहिजे.

६ डिसें., शनि
विहारातून येताना व.ची खोली गाठली. चहा केला तिनं. मग विचारते, "पंधरा वर्षांच्या पोरीले कोनता नंबर येते ताई?" सध्या नववीचे कुर्ते शिवून राहिली. रोज एक उचलून हवेत धरून पाहते म्हणे, एवढी झाली असंन का.
मी म्हटलं, सगळ्या पोरी सारख्या नसतात.
"माही तर बारीक होती."
घरी येऊन जेवले नाही.

१७ डिसें., बुध
मालकाचा फोन. ठाण्यातून एक शिपाई पत्ता तपासाले आला आणि मशीनींच्या मधोमध उभा राहून विचारलं, जेलवाली कौन है? सगळ्या मशीनी थांबल्या. डब्याच्या सुट्टीत व.जवळ कोणी बसलं नाही. दोन वाजता ती उठून निघून गेली. मोबाइल बंद.
मालकानं विचारलं, दीदी, बायांना आधी काहून नाही सांगितलं? ते तर माझंच शहाणपण.

१९ डिसें., शुक्र
काल दार उघडलं नाही. आज उघडलं. दोन दिवसांपासून नुसती पडून.
बायांचा राग नाही तिले. म्हणाली, आत सगळ्यायले माहीत असते कोन काय करून आलं, तिथं लपवाचं काम नाही. इथं रोज सकाळी वाटे, आज कळते का उद्या.
मी म्हटलं, चूक माझी झाली. लपवाले मी सांगितलं.
ती उठून तोंड धुऊन आली. मग म्हणाली, "आता मीच सांगीन."

२० डिसें., शनि
गेलो दोघी. मी दाराशीच थांबले. डब्याच्या सुट्टीत ती उभी राहिली आणि हिंदीत सांगितलं. कोण मेलं, कोणाच्या हातून, किती वर्षं. "जिसको मेरे पास नहीं बैठना, मत बैठो. मैं काम करूँगी."
काज-बटणवाली सुखवारो, सगळ्यात म्हातारी, आपला डबा उचलून तिच्या पुढ्यात येऊन बसली. भाजी वाढली. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. त्यातल्या दोघी काम सोडतो म्हणतात. मालक म्हणाला, सोडू दे, हिले काढत नाही.

४ जाने., रवि
तीन महिन्यांचं व.नं सोडून दिलं. फोनवर पिंकीले खरं ते सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. शेवटी एवढंच, "तो आप नागपुर में नहीं थीं?" नाही म्हटल्यावर फोन ठेवला. चार दिवस झाले, उचलत नाही. मामा म्हणतो, बोलत नाही कोणाशी.
व. कामाले मात्र एक दिवस चुकली नाही. सुखवारोशेजारी आता अजून एक जण बसते.
मी रोहितले फोन लावला. "क्या हुआ मम्मी?" काही नाही रे, आवाज ऐकाचा होता. तो मीटिंग आहे म्हणाला.

११ जाने., रवि
सकाळच्या गाडीनं व. डोंगरगडले गेली. पोरीले न कळवता. उद्या आठची पाळी, येईन म्हणाली.
दिवसभर फोन हातात घेऊन मी. चारला आला. आवाज अगदी हळू.
"ताई, मी घरामांगून बोलून राहिली. पोरगी दारात उभी हाये. आत ये म्हनत नाही, जा बी म्हनत नाही."
"आणि तू?"
"मी बी अंगनात उभीच होती. तिले काय म्हनू?"
काम कसं मिळवाचं, कसं टिकवाचं, ते सांगता येते मले. हे कुठं येते.
"काही म्हणू नको," म्हटलं. "जा, पुढं जाऊन उभी राह. परतीची गाडी सातला आहे."