जिन्याखालचं जेवण

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. नवी फुप्फुसं शहाण्या भाडेकरूसारखी कुरकुर न करता राहताहेत. ऑक्सिजनचं सिलिंडर परत केलं. जिना चढले तरी धाप लागत नाही.

गिळणं मात्र अजून जमत नाही. ऑपरेशन चालू असताना हृदय पडद्यावर दिसावं म्हणून अन्ननलिकेतून एक नळी सोडतात, श्वासाची वेगळी. दोन्ही नळ्या निघाल्या, पण गिळणं काही परतलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेमकं कशामुळे, ते सांगता येणार नाही." पाणीसुद्धा वाट चुकून फुप्फुसात जातं, म्हणून थेट पोटात नळी बसवली आहे. सगळं पातळ करून तिच्यातून आत जातं. चव कुणाला विचारायची?

घरी आल्यावर यांनी माझ्यासमोर ताट घेतलं आणि मला रडू कोसळलं. "घेऊन जा ते," म्हणून मी ओरडले. त्यानंतर घरात स्वयंपाकाचा वास आला नाही. हे म्हणायचे, "डेपोच्या कँटीनमध्ये जेवून येतो." बस चालवणारा माणूस, खाण्याचा शौकीन, मी विश्वास ठेवला. शर्ट ढगळ व्हायला लागले, तरी ठेवला.

परवा पहिल्यांदा एकटी खाली उतरले. काय ऐट होती म्हणून सांगू! जिन्याखाली, सायकलींच्या आड, हे भिंतीकडे तोंड करून विकतचा डबा खात बसले होते.

"इथे काय करताय?"

"वारा छान लागतो."

"जिन्याखाली?"

डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तुझ्यासमोर घास उतरत नाही गं."

आजार माझ्या घशाला आणि उपास यांना! मी शेजारी बसले. म्हटलं, "जेवा." वासानं तोंडाला पाणी सुटलं, तेही गिळता येईना, रुमालात थुंकले. हे रडत रडत जेवले. मी उठले नाही.

आता हे टेबलावर जेवतात. मला सोपं जात नाही. कधी कधी वाटतं, एवढा श्वास मिळाला तो कशासाठी? हे यांना कळू देऊ नकोस.

आणखी एक. 'येऊ नकोस, मला संसर्ग होईल' असं तुला कळवलं होतं ना? मास्क लावून भेटायला डॉक्टरांनी कधीच हरकत घेतली नव्हती. तुला जेवताना बघायची भीती वाटत होती, बस. तू दाराशी येऊ नयेस म्हणून खोटं बोलले, आणि तू मुकाट्यानं ऐकलंस.

गिळणं परत येईल की नाही, माहीत नाही. तोवर तुला लांब ठेवायचं नाही, एवढं ठरवलंय. ये. आणि येताना जेवून येऊ नकोस.

तुझीच, अजून भुकेली,
धाकटी