खिळ्याला राहिलेली टाचणी

१२ डिसेंबर

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच, पण प्रश्न शहाण्यासारखा विचारलास. माझा गुडघा कुरकुरतोय, बाकी ठीक. ताईची पाठ कशी आहे?

तर तुझा प्रयोग. लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळलीस, टोकं सेलला जोडलीस, खिळा चुंबक झाला आणि त्याने टाचण्या उचलल्या. वेढे वाढवलेस तर अजून उचलेल. सेल काढल्यावर सगळ्या पडल्या, एक लटकत राहिली. बाई म्हणाल्या, पुस्तकात असं नाही, तुझंच काहीतरी चुकलं. तुझं काही चुकलं नाही, बाळा. प्रवाह बंद झाला तरी थोडं चुंबकत्व मागे राहतं. मऊ लोखंडात कमी, पोलादात जास्त. सेलची टोकं उलटी करून क्षणभर जोड, तीही पडेल.

इथवर लिहून चार वेळा कागद फाडला.

भंगाराच्या आवारातली माझी क्रेन तू पाहिली होतीस. तिला टांगलेलं ते जाड लोखंडी ताट म्हणजे तुझा खिळाच, फक्त मोठा. बटण चालू केलं की भंगार चिकटायचं, बंद केलं की ट्रकमध्ये पडायचं. एखादा तुकडा राहायचाच. त्यासाठी दुसरं बटण होतं, उलट्या प्रवाहाचं. ते दाबायचा मला कंटाळा. मग तुझे बाबा लांब बांबू घेऊन खाली यायचे आणि तुकडा ढोसून पाडायचे. "मेव्हणे, ताटात उष्टं टाकलंत की!" असं ओरडायचे.

त्या दिवशी पोलादाचं एक दातेरी चाक चिकटून राहिलं. आदल्याच दिवशी मालकाने त्या बांबूवरून मला झापलं होतं, म्हणून त्या एका दिवशी मी नियमाने वागलो. खाली न बघता दुसरं बटण दाबलं. बाबा सवयीने खाली आले होते. ओरडलेही असतील. पत्रा कापायच्या यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

सगळ्यांना मी सांगितलं, वीज गेली, चाक अंगावर पडलं आणि बाबा गेले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ताई, तुझी आई, म्हणते. हा एक सात वर्षं भिजत पडलाय. वीज गेली नव्हती, ठकू. पहिलं बटण तर मी आधीच बंद केलं होतं. वीज असली काय, गेली काय, चाक तसंच राहिलं असतं, तुझ्या टाचणीसारखं. तू हुशार आहेस, आज ना उद्या तुला हे उमगलंच असतं. त्याआधी माझ्याकडून कळावं.

मी क्रेन सोडली. आता फाटक उघडतो, लावतो. जेवण जात नाही, जीवही जात नाही.

हे पत्र ताईला वाचून दाखव. ती दर महिन्याला माझ्या गुडघ्यासाठी तेल पाठवते. आता पाठवू नकोस म्हणावं. माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही. तू मात्र बाईंना बरोबर उत्तर सांग.

अजून म्हणवत असेल तर,
तुझा मामा