डावा हात

सोमवार, ३ मार्च
डॉक्टरीणबाईंचा हुकूम — रक्तदाब उतरवायचा तर रोज एक तरी काम पूर्ण मन लावून करायचं. हात जिथे, डोकंही तिथेच! मी भांडी घासायचं ठरवलं. बायको म्हणाली, "अगोबाई! एवढ्यासाठी रक्तदाब वाढायला हवा होता होय!"

मंगळवार, ४ मार्च
हातात ताट, डोक्यात छापखाना. हाकलला. परत आला. मन कसलं, मोकाट वासरू!

गुरुवार, ६ मार्च
आज जमलं. डोळे मिटून घेतले. घासणीची खरखर, फेसाचा बुळबुळीतपणा, पाण्याची ऊब — पण ऊब फक्त उजव्या हाताला. डाव्याला काहीच नाही!

डोळे उघडून नळाचं पाणी आणखी गरम केलं. उजवा हात चटकन मागे आला. डावा तसाच धारेखाली. लालभडक होत होता — आणि मी बघत होतो, जणू दुसऱ्याच कुणाचा हात!

बायकोने धावत येऊन नळ बंद केला. "अहो, भाजतंय ना!"

भाजतंय? मला कुठे कळत होतं!

मग एकदम आठवलं. छापखान्यात मी कागद कापायच्या मशीनवर. पात्याखाली गठ्ठा सारतो तो याच हाताने. रोज!

शुक्रवार, ७ मार्च
फोरमनला सांगितलं. त्याने आधी मशीन बंद केलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

हात माझा आणि मलाच पत्ता नाही!

"आधी दवाखाना गाठ," म्हणाला. त्याचाच चेहरा पांढराफटक.

बुधवार, १२ मार्च
मानेत नस दाबली गेलीय. ऑपरेशन. सर्जन म्हणाले, "वेळेत आलात. लक्षात कसं आलं?"

"भांडी घासताना."

ते हसले. मला हसू येईना.

शनिवार, २२ मार्च
ऑपरेशन झालं. मानेला पट्टा. हात अजून लाकडाचा ओंडका. बायको म्हणते, "टाचणी टोचून बघू?" — आणि उत्तराआधीच टोचते!

रविवार, ६ एप्रिल
आज डाव्या हाताला कळलं! पहिलं कळलं ते काय, तर बायकोचा हात. माझ्या तळव्यावर सैल टेकवलेला — आणि बारीक थरथरत असलेला. ती मात्र हसत हसत शेजारणीची गंमत सांगत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने थरथरता हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "तुमचं एकदा निभावू दे म्हटलं, मग सांगू."