अक्काची धाबळी आणि लाल दवा

मी, भास्कर विनायक मुळ्ये, वय ५६, राहणार देवास, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते लिहितो की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे. प्रकृती ठणठणीत आहे. पण काम वेळेआधी झालेले मला आवडते.

१. घर व बँकेतली ठेव पत्नी देवश्रीची. वाद नको.

२. लोकरीवरच्या प्रयोगांच्या अकरा वह्या, तराजू व एनॅमलचे दोन टब मुलगी कृतिकाला. ती धारला पार्लरमध्ये केस सरळ करते. लोकर, केस, नख, शिंग, सगळे एकच केराटिन. ती डोक्यावर करते ते मी टबात केले. मी दहावी पास, कारखान्याच्या रंगखात्यात सत्तावीस वर्षे बघून बघून शिकलो. तिला मराठी वाचताना अडखळायला होते, म्हणून कृती हिंदीतही लिहिल्या आहेत.

३. भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, नाव तरुण, एम.एस्सी., याला फक्त थर्मामीटर. "मामा, टब में केमिस्ट्री नहीं होती," असे तो चारचौघांत बोलला होता. थर्मामीटर किती अंश चुकतो, ते त्याने शोधावे.

४. थोरली बहीण उमाबाई, म्हणजे अक्का, साक्षीदार असल्याने तिला काही ठेवलेले नाही. फक्त एक कबुली. नैवेद्याच्या स्वयंपाकाला ती सोवळ्याची लोकरी धाबळी नेसते. ती इतकी टोचे की कमरेवर चट्टे उठत. "औषधं लावलीस तर बाटेल, हात लावू नकोस," असे तिने बजावले होते. सात वर्षांपूर्वी ती काशीला गेली असता मी धाबळी दाट मिठाच्या पाण्यात, धाबळीच्या वजनाच्या चार टक्के लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, घालून, बरोबर चाळीस मिनिटे बुडवली. तंतूंवरचे खवले बोथट झाले. तपकिरी डाग बायसल्फाइटने काढले, घडी जागेवर ठेवली आणि गप्प बसलो. नैवेद्य बाटला असेल तर दोष माझा, तिचा नाही.

देवास, २ डिसेंबर २०२४

पुरवणी, त्याच दिवशी. अक्का वाचल्याशिवाय सही करीत नाही. चौथे कलम तिने दोनदा वाचले.

"टोचायची थांबली तेव्हाच कळलं मला. धाबळी काय आपोआप शहाणी होते?"

"मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कधी कबूल करतोस ते बघत होते. आणि लाल दवाच ना? विहिरीत तीच टाकतात, ते पाणी देवाला चालतं. आता ही विरली. नवी आणलीय. मरायच्या आधी ती टबात घाल, भिया, नाहीतर सही विसर."

सबब सर्व सह्या थांबल्या.

सही: भास्कर विनायक मुळ्ये, १९ डिसेंबर २०२४

साक्षीदार: योगेंद्र टोकेकर, शेजारी, १९ डिसेंबर

साक्षीदार: उमाबाई गणोरकर, १९ डिसेंबर. धाबळी मिळाली. टोचत नाही.